शंकर आबाजी भिसे

शंकर आबाजी भिसे (जन्म : मुंबई, २९ एप्रिल १८६७, मृत्यू : न्यूयॉर्क, ७ एप्रिल १९३५) हे यंत्रविद्या, विद्युत, मुद्रण व औषधनिर्मिती अशा परस्परांहून दूरच्या क्षेत्रांत काम करणारे मराठी संशोधक होते. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध सांगितले जातात. त्यांपैकी सुमारे ४० शोधांना एकस्व, म्हणजे रूढ भाषेत पेटंट, मिळाले होते. छपाईचे खिळे वेगाने ओतणारे ‘भिसोटाइप’ हे यंत्र त्यांचा सर्वांत महत्त्वाचा शोध मानले जाते. त्यांच्या हयातीतच त्यांना ‘भारतीय एडिसन’ असे म्हटले जाऊ लागले होते. शोध लागणे, त्याला एकस्व मिळणे आणि तो बाजारात रुजणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या जीवनक्रमातून विशेष स्पष्टपणे दिसते.

मुंबईतील काळ

भिसे यांना लहानपणापासून यंत्रे व रासायनिक प्रयोग यांचे आकर्षण होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी दगडी कोळशापासून वायू तयार करणारे लहानसे उपकरण घरीच बनविले होते, असे सांगितले जाते. पुढे त्यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असणाऱ्यांचे मंडळ स्थापन केले. विज्ञान व कलाकौशल्य यांची माहिती सोप्या मराठीत देण्यासाठी ‘विविध कला प्रकाश’ हे मासिकही त्यांनी चालविले.

या काळातील त्यांच्या कल्पना शहराच्या रोजच्या गरजांतून सुचलेल्या दिसतात. आतील मालात भेसळ करता येऊ नये अशी बाटली, विजेवर चालणारी सायकलची साधने आणि मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी स्थानकदर्शक यंत्र यांवर त्यांनी काम केले. पुढे कोणते स्थानक येणार आहे, हे प्रवाशाला बसल्या जागी कळावे, हा स्थानकदर्शकाचा हेतू होता. आज विलेपार्ले, अंधेरी किंवा घाटकोपर येथून लोकलने जाणाऱ्या प्रवाशाला डब्यातील फलकावर हीच माहिती मिळते. भिसे यांच्या यंत्रातून आजचा फलक निर्माण झालेला नाही; मात्र गरज त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखली होती.

वजनयंत्राची स्पर्धा व लंडनला प्रयाण

लंडनच्या ‘इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड’ या नियतकालिकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक स्पर्धा जाहीर केली. साखर, पीठ यांसारखा सुटा किराणा माल आपोआप तोलून हव्या त्या वजनाने बाहेर देणाऱ्या यंत्राचा आराखडा स्पर्धकांकडून मागविण्यात आला होता. भिसे यांनी मुंबईहून पाठविलेल्या आराखड्याला ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून पारितोषिक मिळाले.

या यशामुळे मुंबईतील सार्वजनिक कार्यकर्त्यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. राष्ट्रीय सभेचे एक चिटणीस दिनशा वाच्छा यांनी लंडनमधील दादाभाई नौरोजी यांच्या नावे त्यांना परिचयपत्र दिले आणि भिसे इंग्लंडला गेले. दादाभाई हे १८९२ ते १८९५ या काळात ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य होते. हिंदुस्थानातील संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा वाहतो, याचे विवेचन त्यांनी आयुष्यभर केले. हिंदी माणसाच्या बुद्धीतून निघालेल्या शोधाला इंग्लंडमध्ये भांडवल मिळवून देण्याचा त्यांचा प्रयत्न या विचाराशी सुसंगत होता. भिसे यांना त्यांनी आर्थिक साहाय्य केले व त्यांच्या शोधांचा व्यवहार मार्गी लावण्यात भाग घेतला.

लंडनमधील शोध

लंडनमध्ये भिसे यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली. जाहिरातीसाठी तयार केलेला त्यांचा विजेचा फलक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित झाला. स्वयंपाकघरातील उपकरणे, दूरध्वनी, डोकेदुखीवरील साधन, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप अशा नाना वस्तू त्यांनी योजल्या. या यादीत क्षेत्रांची विविधता आहे, तसाच एक समान धागाही आहे. माणसाने हाताने व लक्ष ठेवून करावयाचे काम यंत्राकडे सोपविणे, म्हणजे स्वयंचलन, ही त्यांची आवडती दिशा होती. तोलण्याच्या यंत्रापासून खिळे ओतण्याच्या यंत्रापर्यंत ती कायम राहिली.

एकस्वाचे स्वरूप

भिसे यांच्या कार्याचे मोल ठरविताना एकस्वाचा नेमका अर्थ ध्यानात घेणे आवश्यक आहे. एकस्व म्हणजे संशोधकाला ठरावीक मुदतीपुरता मिळणारा अनन्य हक्क. या मुदतीत त्याच्या अनुमतीशिवाय इतर कोणालाही तो शोध व्यापारी कारणासाठी वापरता येत नाही. त्याच्या बदल्यात संशोधकाने शोधाचे संपूर्ण वर्णन आकृत्यांसह जाहीर करावयाचे असते. मुदत संपली की ते ज्ञान सर्वांसाठी खुले होते. भिसे इंग्लंडला गेले तेव्हा तेथे ही मुदत १४ वर्षांची होती, तर अमेरिकेत ती १७ वर्षांची होती. आज भारतासह बहुतेक देशांत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे ही मुदत आहे.

हिंदुस्थानातील पहिला एकस्वविषयक कायदा १८५६ चा आहे. त्या कायद्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याचे जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनी ३ मार्च १८५६ रोजी केला. तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी होता. त्यानंतर १८५९, १८८८ व १९११ साली नवे कायदे झाले. स्वतंत्र भारताचा १९७० चा कायदा २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला.

एकस्व त्या त्या देशापुरतेच असते. ब्रिटनमधील एकस्वाने अमेरिकेत संरक्षण मिळत नाही. प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र शुल्क व पुढे ते चालू ठेवण्याचा स्वतंत्र खर्च करावा लागतो. यामुळे अल्प भांडवलाच्या संशोधकाला आपल्या सर्व कल्पनांसाठी एकस्व घेणे परवडत नाही. भिसे यांच्या बाबतीत २०० व ४० या दोन आकड्यांतील अंतर वाचताना ही बाब विसरता येत नाही. हे दोन आकडे एकाच प्रकारचे नाहीत, हेही लक्षात ठेवावे. एकस्वाची नोंद सरकारी दफ्तरात तारीख, वर्णन व आकृतीसह असते आणि ती पडताळून पाहता येते. एकूण शोधांची संख्या मात्र चरित्रपर लेखनावर आधारलेली आहे.

भिसोटाइप

त्या काळची छपाई

भिसे लंडनला पोहोचले तेव्हा जगभरच्या बहुसंख्य छापखान्यांत खिळे हातानेच जुळविले जात. शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूचा रस साच्यात ओतून प्रत्येक अक्षराचा खिळा तयार होई. साच्याच्या तळाशी अक्षराचा खोलगट ठसा असलेली मातृका बसविलेली असे. जुळारी एकेक खिळा खणातून उचलून ओळ जुळवी आणि छपाई झाल्यावर तेच खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकावे लागत. वारंवारच्या दाबाने खिळे झिजत, म्हणून नव्या खिळ्यांची गरज सतत भासे.

यावर दोन यंत्रांनी तोड काढली होती. ऑटमार मर्गेन्थालर यांचे लायनोटाइप १८८६ साली ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या वृत्तपत्राच्या छापखान्यात सुरू झाले. ते पूर्ण ओळ एकसंध ओतून देई. टॉल्बर्ट लॅन्स्टन यांचे मोनोटाइप छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीच्या आधाराने एकेक खिळा ओतून ओळीत बसवी. १९०० च्या आगेमागे या दोन्ही यंत्रांचे कारखाने इंग्लंडमध्ये उभे राहिले होते.

भिसे यांचे यंत्र

भिसे यांनी ओतकामाच्या वेगावर लक्ष केंद्रित केले. एका वेळी एक खिळा ओतण्याऐवजी अनेक खिळे एकाच वेळी ओतणे, ही त्यांच्या यंत्रामागील मुख्य कल्पना होती. मोनोटाइपचा वेग मिनिटाला सुमारे १५० खिळे इतका होता. भिसे यांच्या यंत्राची क्षमता मिनिटाला सुमारे १२०० खिळ्यांची सांगितली गेली. लंडनच्या व्यवसायातील जाणकारांना हा दावा प्रथम अशक्य वाटला. त्यानंतर भिसे यांनी यंत्र प्रत्यक्ष उभे करून आपली कल्पना दाखवून दिली.

वेगवान ओतकाम साधले, तर खिळे इतके स्वस्त होणार होते, की वापरलेले खिळे खणात परत टाकण्यापेक्षा ते वितळवून नवे ओतणे परवडावे. छपाईचा खर्च उतरला की पुस्तके व वर्तमानपत्रे स्वस्त होणार होती. शिक्षणाचा प्रसार अत्यल्प असलेल्या हिंदुस्थानच्या दृष्टीने ही बाब केवळ व्यापाराची नव्हती.

भांडवलाचा प्रश्न

यंत्राचा नमुना तयार करणे आणि शेकडो यंत्रांचे उत्पादन करणे यांत मोठे अंतर असते. ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी भिसे यांच्यासाठी भांडवल उभे करण्याचा प्रयत्न केला. परंतु तो सफल झाला नाही. निराश होऊन भिसे १९०८ च्या अखेरीस मायदेशी परतण्यास निघाले. बोटीवर त्यांची गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी गाठ पडली. गोखले यांच्या मध्यस्थीने जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र रतन टाटा (१८७१–१९१८) यांनी साहाय्य देण्याचे मान्य केले. पुढील काळात टाटा समूहाचे अध्यक्ष झालेले रतन टाटा (१९३७–२०२४) ही निराळी व्यक्ती होय.

टाटांच्या भांडवलावर १९१० च्या सुमारास लंडनमध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि यंत्रात सुधारणा होत गेल्या. तथापि १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. या संयुक्त उपक्रमातून अपेक्षित व्यापार उभा राहिला नाही आणि तो बंद पडला.

देवनागरीचा संदर्भ

यंत्राने खिळे जुळविण्याचा प्रश्न देवनागरीसाठी अधिक बिकट होता. रोमन लिपीतील लहान-मोठी अक्षरे, अंक व चिन्हे मिळून होणारे खिळे मर्यादित असतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार व जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या काहीशेवर जाते. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने सुबक देवनागरी खिळ्यांची परंपरा निर्माण केली. पण ती हातजुळणीची होती. देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत लोकमान्य टिळकांनीही लक्ष घातले होते. देवनागरी लायनोटाइप १९३० नंतरच्या दशकात हरी गोविंद गोविल यांच्या प्रयत्नाने अमेरिकेत सिद्ध झाले. भारतीय भाषांच्या छपाईला यंत्राची निकड असतानाच एका मराठी माणसाचे यंत्र भांडवलाअभावी मागे पडले, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

अमेरिकेतील काळ

महायुद्धाच्या काळातच भिसे अमेरिकेला गेले व न्यूयॉर्क येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रावरील काम पुढे नेले. सुधारलेल्या यंत्राला ‘आयडियल टाइप कास्टर’ असे नाव होते आणि त्याच्या उत्पादनासाठी १९२० च्या सुमारास कंपनीही स्थापन करण्यात आली. तोपर्यंत लायनोटाइप व मोनोटाइप यांनी बाजार व्यापला होता. छापखान्यांनी त्या यंत्रांत पैसा गुंतविला होता, कामगार त्यांवर तयार झाले होते, मातृका व सुटे भाग सहज मिळत होते. अशा बाजारात नवे यंत्र केवळ वेगवान असून भागत नाही. त्याच्याभोवतीची सगळी व्यवस्था नव्याने उभारावी लागते.

आयुष्याच्या उत्तरार्धात ते औषधनिर्मितीकडे वळले. आयोडीनवर आधारित ‘ॲटोमिडीन’ हे औषध त्यांच्या नावाशी निगडित आहे व ते अमेरिकेत विकले जात असे. आयोडीनचा जंतुनाशक गुण एकोणिसाव्या शतकापासून वैद्यकाला परिचित होता. अशा औषधाविषयी केले जाणारे व्यापक गुणकारितेचे दावे मात्र वेगळ्या कसोटीवर पाहावे लागतात. औषधाची विक्री किंवा त्यावरील हक्क हा त्याच्या परिणामकारकतेचा पुरावा नसतो.

‘भारतीय एडिसन’ हे बिरुद

डिसेंबर १९३० मध्ये भिसे यांची थॉमस अल्वा एडिसन यांच्याशी भेट झाली. पुढील वर्षी, १९३१ साली, एडिसन यांचे निधन झाले. क्षेत्रांची विविधता आणि अखंड प्रयोगशीलता या दोन बाबतींत भिसे यांना दिलेले बिरुद सार्थ आहे.

तुलना येथेच थांबवावी लागते. एडिसन यांच्या नावे अमेरिकेत १०९३ एकस्वे आहेत. त्यांच्यामागे १८७६ पासून मेन्लो पार्क येथील व पुढे वेस्ट ऑरेंज येथील प्रयोगशाळा होती, पगारी साहाय्यकांचा मोठा ताफा होता आणि सावकार व कारखानदार यांचे पाठबळ होते. भिसे यांना प्रत्येक टप्प्यावर नवा आश्रयदाता शोधावा लागला. दादाभाई, गोखले, टाटा ही नावे मोठी असली, तरी व्यक्तींचा स्नेह औद्योगिक व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. ज्या देशातून भिसे आले तेथे यंत्रे बनविणारा उद्योग जवळजवळ नव्हता आणि परक्या देशांत ते आगंतुक होते.

मूल्यमापन

भिसे यांचे एकही यंत्र दीर्घकाळ बाजारात टिकले नाही. खिळ्यांची छपाई आता मागे पडल्याने भिसोटाइपचे महत्त्व मुख्यतः ऐतिहासिक आहे. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी, हिंदी माणूस यंत्रविद्येत नवनिर्मिती करू शकत नाही असा समज रूढ असताना, त्यांनी ब्रिटन व अमेरिकेच्या एकस्व कार्यालयांत आपल्या कल्पना शब्दांनी व आकृत्यांनी नोंदवून ठेवल्या. मराठी समाजात त्यांची आठवण बहुधा बिरुदापुरती उरली आहे. त्यांच्या कार्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला मात्र या नोंदीच अधिक उपयोगी ठरतील, कारण भिसे यांनी नेमके काय नवे केले, हे त्यांतच वाचायला मिळते.