‘रामदास’ बोटीची दुर्घटना (१९४७) : कुटुंबांनी जपलेला इतिहास

कोकणच्या जलवाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत मोठी प्राणहानी १७ जुलै १९४७ रोजी झाली. त्या सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि ६०० हून अधिक प्रवासी बुडाले. मृतांचा आकडा निरनिराळ्या वृत्तांतांत ६२५ पासून ६९० पर्यंत दिलेला आढळतो. ही तफावत केवळ हिशेबाची मानता येणार नाही. तिचा अर्थ असा की कित्येक माणसे गेली हे फक्त त्यांच्या घरालाच ठाऊक होते.

‘रामदास’ १९३६ मध्ये इंग्लंडमधील स्वॉन हंटर गोदीत बांधली गेली. तिची मालक असलेली इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी लोकांत ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून ओळखली जाई. या नावातील आपलेपणा लक्षात घेण्याजोगा आहे. यापूर्वी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. तरीही कोकणी माणसाला गावी पोहोचण्याचा सोयीचा मार्ग समुद्राचाच होता.

तो दिवस आषाढ अमावास्येचा, म्हणजे गटारीचा. सणासाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांची बोटीवर गर्दी होती. खवळलेल्या समुद्रात मोठी लाट आदळली, घाबरलेले प्रवासी एका बाजूस धावले आणि बोट कलंडली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. त्यामुळे सकाळी घडलेली घटना मुंबईला दुपारनंतर कळली, तीही पोहत किनाऱ्याला लागलेल्यांकडून. रेवसकडील कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काहींचे प्राण वाचविले.

कुटुंबांवरील परिणामांची मोजदाद कोणत्याही सरकारी कागदात सापडणे कठीण. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) अनेक घरांचा संसार मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चाले. कर्ता पुरुष गेला की ती थांबे. देह हाती लागला नाही तर प्रश्न अधिकच बिकट होई. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ नुसार बेपत्ता व्यक्तीस मृत गृहीत धरण्यासाठी सामान्यतः सात वर्षे लोटावी लागत. बुडालेला माणूस त्याच बोटीवर होता, हे दाखविता आले तरच ही प्रतीक्षा टळण्याची आशा. आणि तेच दाखविणे अवघड होते. धर्मशास्त्राने देहाविना अंत्यसंस्कारासाठी पालाशविधी सांगितला आहे, परंतु तो करणे म्हणजे परत येण्याची आशा स्वतःच्या हाताने संपविणे. ज्या पत्नीने कुंकू पुसावे की नाही हेच ठरेना, तिची अवस्था कोणत्या अहवालात येणार?

या घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जुलै रोजी, भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यास ब्रिटिश राजाची संमती मिळाली, आणि पुढे महिन्याभरात स्वातंत्र्य व फाळणी. राष्ट्रीय इतिहासग्रंथांत ‘रामदास’ला फारशी जागा मिळाली नाही, याचे एक कारण येथे असावे. स्मृती उरली ती घरांत, आणि घरे तारखेने नव्हे तर तिथीने स्मरण करतात. श्राद्धाची तिथी आषाढ अमावास्या. इंग्रजी पंचांगात ती दरवर्षी सरकते, म्हणून १७ जुलैला शोधू जाणाऱ्या संशोधकाला ती सहज आढळत नाही. याच अमावास्येला दीपपूजन होते. घासूनपुसून उजळलेले दिवे पाटावर मांडले जातात, आणि ज्या घरातील माणूस त्या बोटीत होता तेथे श्राद्धाचे पानही त्याच दिवशी वाढले जाते.