कमाई, सहकार आणि वाणिज्यविद्या

ब्राह्मणपाऱ्यातील मराठी मंडळींस वामनराव बळीराम लाखे यांचे नाव परके नाही. इ. स. १९०० मध्ये निघालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ मासिकात ते माधवराव सप्रे यांचे सहकारी होते. पुढे १९१३ साली रायपुरास सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन करून त्यांनी या प्रांतात सहकाराचा पाया घातला. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. येथे व्यवहार, तेथे शास्त्र. दोहोंची सांगड मात्र अद्याप पडावयाची होती.

तशी सांगड अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ पासून घातली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आळीपाळीने वर्गात शिकत आणि कारखान्यात वेतनावर काम करीत. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग उच्च शिक्षणात आणला. श्नायडरांच्या योजनेत काम हाच अभ्यासाचा भाग होता. कर्मवीरांच्या योजनेत श्रमाने गरीब विद्यार्थ्याचा स्वाभिमान राखला.

भारतात शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला. उमेदवारीयुक्त पदवी अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली मार्गदर्शक तत्त्वे दिली. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने सहकारी बँकेत खतावणी जरूर शिकावी. पण तिचा मोबदलाही त्यास मिळावा. मोबदल्याविना घेतलेले काम ही वेठच; आणि ज्याच्या घरी अन्नाची ददात आहे, त्यास ती परवडत नाही. लाखे यांच्या नगरीस हे निराळे सांगणे न लगे.