अकरा बाय सतरा

सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये माझ्या चित्रांच्या फाइलचा कोपरा कुणाच्या तरी पुठ्ठ्याच्या तलवारीने दुमडला, तेव्हा मला १९७० सालाचा हेवा वाटला. त्या ऑगस्टमध्ये या मेळ्याला यू. एस. ग्रँट हॉटेलात तीनेकशे रसिक जमले होते. पाहुण्यांत कॉमिक्सचा चित्रकार जॅक कर्बी! चित्रं काखेत मारून खुशाल फिरावं. १९९१ला मेळा कन्व्हेन्शन सेंटरमध्ये गेला, पुढे गर्दी लाखावर पोचली. त्यातल्या त्यात, १९६०च्या दशकाअखेर अमेरिकी कॉमिक्सच्या मूळ चित्रांचा कागद आखडून ११ बाय १७ इंचांवर आला, हे आमच्या खांद्यांवर उपकारच. मी आता चित्रांमागे जाड पुठ्ठा घालतो. फाइल पाठीला लावत नाही, छातीशी धरतो. संपादकापुढे ती उघडताना हात मात्र अजून थरथरतात.