पाझरता माठ आणि बंद डबी

सुरत म्हटले की आमच्या पाठ्यपुस्तकांना १६६४ आणि १६७० ही दोनच साले आठवतात. महाराजांच्या त्या दोन्ही स्वाऱ्या मी गेली तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. परंतु आम्हां नंदुरबार जिल्ह्यातील लोकांची सुरत तेवढ्यात मावत नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. तेथून गाडीत बसलेला खानदेशी मुलगा उधन्याला उतरला की त्याच्या कानांवर गुजरातीबरोबर अहिराणीही पडते. कोणी मागावर जातो, कोणी हिऱ्यांच्या कारखान्यात, तर कोणी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. अशाच एका दुकानात काम करणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्याने सुट्टीत आला असता माझ्या हातावर तांब्याची एक पातळ पट्टी ठेवली. "सर, हिच्या पोटात पाणी आहे," तो म्हणाला.

या पट्टीला व्हेपर चेंबर म्हणतात. आपण तिला बाष्पकोष म्हणू. मी इतिहासाचा माणूस. एखादी वस्तू हाती आली की तिचे पूर्वज शोधल्याशिवाय चैन पडत नाही. या पट्टीचा सर्वांत जुना नातलग मला आपल्याच ओसरीवर, तिवईवर ठेवलेला सापडला. तो म्हणजे माठ.

माठ पाझरतो, पाझरलेले पाणी हवेत उडून जाते, आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. उन्हाळी हवेत १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे चमचाभरही नव्हे, एवढ्याशा पाण्याने ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार होऊ शकते. पण माठाला कोरडी हवा हवी. म्हणूनच नंदुरबारच्या वैशाखात जो माठ दात शिवशिवतील इतके गार पाणी देतो, तोच सुरतेला मामाकडे नेला की मंदावतो. तापीकाठच्या आणि समुद्राजवळच्या त्या दमट हवेत अगोदरच पाणी भरलेले असते. माठाने आणखी किती द्यावे?

जेथे माठ थकला तेथे धनिकांनी दुसरा उपाय शोधला होता, तो सोऱ्याचा. बंदुकीच्या दारूत पडणारा हा क्षार पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत त्याची कृती मापांसह दिली आहे. धातूच्या सुरईत एक शेर पाणी भरून तोंड बंद करावे, पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकावा आणि त्यात ती सुरई पाव तास फिरवावी. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारींतून इंग्रज आणि डच हाच सोरा खरेदी करीत. त्यांना तो तोफांसाठी हवा होता. एकच पदार्थ एका हाती आग आणि दुसऱ्या हाती गारवा!

या दोन्ही युक्त्यांत एक उणीव होती. माठातले पाणी उडून गेले की गेले. सोरा विरघळला की थंडी संपली. तेच पाणी पुन:पुन्हा कामाला लावता आले तर? ही वाट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पर्किन्स घराण्याने धरली. त्यांनी लोखंडी नळीत थोडे पाणी घालून तिची तोंडे कायमची बंद केली. एक टोक जाळात, दुसरे पाव भाजण्याच्या भट्टीत. एका टोकाला वाफ होई, दुसऱ्या टोकाला ती उष्णता देऊन पुन्हा पाणी होई आणि उताराने परत येई. त्यासाठी जाळ मात्र खालच्या बाजूलाच असावा लागे.

उताराची ही अट काढून टाकली रिचर्ड गॉगलर यांनी. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या या अभियंत्याने १९४२ साली पेटंटसाठी अर्ज केला. ते १९४४ मध्ये मिळाले. नळीच्या आत वात बसवावी, म्हणजे समईच्या वातीत तेल चढते तसे पाणी आपोआप परत येईल, ही त्यांची कल्पना. पण त्या काळी तिची कोणाला निकड नव्हती, आणि ती कागदातच राहिली. १९६३ साली लॉस अ‍ॅलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी अवकाशयानांच्या कामासाठी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि तिला 'हीट पाइप' हे नाव दिले. १९६७ साली अशी नळी उपग्रहातून अवकाशात गेली. जेथे वर-खाली असे काही नाही, तेथेही वातीने पाणी परत आणले.

हीच नळी पसरट झाली की बाष्पकोष होतो. नळी उष्णता एका रेषेत नेते, कोष चहूकडे पसरवितो. मोबाईलची नखाएवढी चिप तापली की तिच्या डोक्यावरचे पाणी वाफ होते, वाफ थंड कोपऱ्यांकडे धावते, तेथे निवते आणि तांब्याच्या बारीक जाळीतून परत येते. कोषातली हवा आधीच काढून टाकलेली असते, म्हणून पाणी ४० अंशांनाही उकळते. २०१८-१९ च्या सुमारास असे कोष मोबाईलमध्ये येऊ लागले. अ‍ॅपलने २०२५ मध्ये आयफोन १७ प्रो मध्ये तो घातला.

ऐकायला सोपे, पण रचायला अवघड. जाळीची छिद्रे बारीक केली तर पाणी जोराने खेचले जाते, पण वाहताना अडते. छिद्रे मोठी केली तर वाहते, पण ओढ कमी पडते. पाणी वेळेवर परतले नाही की चिपखालची जागा कोरडी पडते आणि सारा खेळ संपतो. कोष अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, आणि बाहेरची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो भार टाकते. तो चेपू नये म्हणून आत लहान लहान खांब उभारावे लागतात. कोषाचे भांडे बहुधा तांब्याचे, कारण उघड्या अ‍ॅल्युमिनिअमशी पाणी झगडते, त्यातून हायड्रोजन निघतो आणि वाफेची वाट अडते. शिवाय कोष उष्णता नाहीशी करीत नाही, फक्त पसरवितो. शेवटी ती बाहेरच्या हवेलाच द्यायची असते, आणि मे महिन्यातली आपली हवा ती सहजी घेत नाही.

"हे तर आमच्या आजीच्या माठातच होते," असे म्हणून छाती फुगविण्याचा मोह येथे होतो. मी तो टाळतो. आजीला माठ ठाऊक होता. तो किती पाझरतो हे तिने मोजले नव्हते. अबुल फजलने शेर आणि पाव तास लिहून ठेवले, म्हणून चारशे वर्षांनंतरही ती कृती करून पाहता येते. अनुभव आणि रचना यांच्यामध्ये वजनकाटा आणि वही असते.

हे आज सांगण्याचे कारण सुरतच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे सुची सेमिकॉनचा चिपची बांधणी व चाचणी करणारा कारखाना सुरू झाला. चिपवर कवच चढते तेथेच तिची उष्णता कोणत्या वाटेने निघणार हे बरेचसे ठरते. सुरतेतच प्रयोगशाळेत हिरेही वाढविले जातात. आणि चांगला हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट वेगाने उष्णता वाहून नेतो. आमची मुले या कारखान्यांच्या दारापर्यंत पोहोचली आहेत. ती आत पट्ट्या बसवायलाच जाणार, की पट्टी कशी असावी हे ठरवायलाही? भाषेची अडचण सांगू नये. 'बाष्पीभवन' आणि 'केशाकर्षण' हे शब्द मराठी शाळेत आहेत तसेच गुजराती शाळेतही आहेत.

म्हणून येत्या वैशाखात सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांनी एक करावे. सारखे दोन माठ घ्यावेत, एक नंदुरबारात, एक सुरतेत. सकाळी भरून वजन करावे, संध्याकाळी पुन्हा करावे, पाण्याचे तापमान घ्यावे आणि मुलांकडून आठ दिवस वहीत मांडून घ्यावे. मामा-भाच्यांनी त्या वह्या नंतर शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.