बोलणारे यंत्र घरात ठेवताना

गेल्या दिवाळीच्या सुमारास शेजारचे आबा आमच्या गच्चीवर आले. बांबूच्या टोकापासून दोन्हीकडे उतरलेली तार त्यांनी खालून पाहिली होती. खोलीत टेबलावर एक काळी पेटी, तिला एक मोठी फिरकी आणि पुढे हातात धरायचा मायक्रोफोन. आबा म्हणाले, "सर, हा रेडिओ कुठला म्हणायचा?" मी म्हटले, "आबा, हा ऐकतो आणि बोलतोही." आबा जरा मागे सरकले. "बोलतो? आणि सरकार काही म्हणत नाही?"

परवाना दाखवून मी आबांचे समाधान केले. पण मी इतिहास शिकवतो. तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. ऐकणारा रेडिओ घरोघर होता. त्याला कोणी भ्याले नाही. बोलणारे यंत्र म्हटले की शहाणा माणूस आजही दोन पावले मागे का सरकतो? त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज तुम्हांला थोडे मागे नेणार आहे.

आधी या पेटीची ओळख. हिला ट्रान्सीव्हर म्हणतात. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर, म्हणजे प्रक्षेपक आणि ग्राहक, हे दोघे एकाच पेटीत नांदतात, म्हणून हे जोडनाव. पूर्वी ही दोन यंत्रे निरनिराळी असत आणि टेबलच्या टेबल व्यापत. १९५७ साली अमेरिकेतील कॉलिन्स कंपनीने केडब्ल्यूएम-१ नावाचा संच काढला. मोटारीतही बसेल अशा एका पेटीत दोन्ही कामे होऊ लागली आणि पुढे जगभर तीच रीत पडली. आजच्या सर्वपट्टी संचात १६० मीटरपासून १० मीटरपर्यंतचे हौशी लोकांसाठी राखलेले सारे पट्टे एका फिरकीखाली येतात.

आता अशा यंत्राच्या मालकाचे अनुभव म्हणाल, तर पहिला धडा यंत्र देत नाही, तार देते. ४० मीटरच्या पट्ट्यासाठी निम्म्या लहरीइतकी, म्हणजे सुमारे २० मीटर लांबीची तार लागते. मधोमध तोडून दोन्हीकडे दहा-दहा मीटर. मी पुस्तकातल्या हिशेबाने तार कापली आणि टांगली. बोलायला गेलो तर संचाने आपली शक्ती आपणच उतरवून घेतली. चूक माझीच होती. पुस्तकातला हिशेब उघड्या तारेचा आणि माझी तार प्लॅस्टिकच्या वेष्टनाची. वेष्टन असले की तार विजेच्या दृष्टीने जरा लांब भरते. मग दोन्ही टोकांनी बोट-बोट कापत बसलो, तेव्हा कुठे सूर जुळला.

दुसरा धडा विजेचा. संच नुसता ऐकत असतो तेव्हा थोडक्या करंटवर भागते. शंभर वॅटने बोलू लागला की बारा व्होल्टच्या बॅटरीतून वीस अँपियरच्या आसपास ओढतो. आणि गंमत अशी की, संध्याकाळी घरोघरचे इन्व्हर्टर, चार्जर, एलईडी दिवे मिळून या पट्ट्यात असा कलकलाट करतात की दूरचा माणूस ऐकूच येत नाही. एकदा का सगळ्या गल्लीची वीज गेली की आकाश निवळते. वीज गेल्यावर आनंद मानणारा कळवणात मी एकटाच असेन!

तिसरा धडा आपल्या डोंगरांचा. कळवणच्या दक्षिणेला धोडप, नैर्ऋत्येला सप्तशृंगीचा गड. नाशिक त्या रांगेपलीकडे. पोलिसांच्या हातातल्या वॉकीटॉकीच्या जातीच्या अतिलघु लहरी सरळ रेषेत जातात, त्यांना ही रांग आडवी येते. पण ४० मीटरची लहर वर जाते, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युद्भारित थरावर आपटते आणि डोंगरापलीकडे उतरते. त्यामुळे धोडपच्या पलीकडचे चांदवड-नाशिकही मिळते आणि मुंबई-हैदराबादही मिळते. रात्री तीच लहर आणखी लांब पल्ला गाठते.

एका रात्री अशीच फिरकी फिरवताना आकडा ७.०८ मेगाहर्ट्झवर आला आणि माझा हात थांबला. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागा. लहरीची लांबी सुमारे ४२.३४ मीटर येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा आकडा ओळखीचा आहे. १९४२ साली काँग्रेस रेडिओ याच ४२.३४ मीटरवरून बोलत होता.

त्या रेडिओपर्यंत पोचण्यापूर्वी कायद्याची गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे बिनतारीचा आरंभ हौशी लोकांनीच केला. अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ साली परवाना मिळाला. ते पहिले भारतीय हौशी बिनतारी चालक मानले जातात. त्याच वर्षी मुकुल बोस दुसरे झाले. मुंबईत १९२३ च्या जूनमध्ये रेडिओ क्लबाने आपल्या हौसेने कार्यक्रम ध्वनिक्षेपित केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले ते त्यानंतर चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी. म्हणजे आज ज्याला आपण आकाशवाणी म्हणतो तिच्या पाळण्याची दोरी आधी या हौशी हातांनी ओढली होती.

पण सरकारची नजर सावध होती. १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाची मक्तेदारी सरकारकडे होतीच. १९३३ साली बिनतारीचा स्वतंत्र कायदा झाला आणि परवान्याशिवाय असे यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. बोलला नाहीत तरी गुन्हा! १९३९ साली महायुद्ध पेटले, तेव्हा हौशी लोकांना आपापले प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम सुटले. आबांची भीती आली ती इथून.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेते गजाआड गेले. वर्तमानपत्रांवर बंधने आली. सरकारी रेडिओ सरकारचेच सांगणार. तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओच्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ या मंडळींनी 'अँटी इंडिया रेडिओ' असा लावून टाकला होता. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाखर, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी या तरुणांनी स्वतःचे प्रक्षेपण केंद्र काढायचे ठरवले. यंत्र उभे केले नरिमन प्रिंटर यांनी. ते युद्धापूर्वीचे हौशी चालक, बिनतारीतले जाणकार. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांचे साहाय्य झाले. राममनोहर लोहिया आणि आपले अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत नेते पाठीशी होते.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी केंद्र बोलू लागले. आपली लहर ते सांगे, जागा मात्र 'हिंदुस्थानात कुठेतरी' एवढीच. चितगावचे बाँबहल्ले, जमशेटपूरचा संप, विदर्भातल्या चिमूरचे अत्याचार या बातम्या, ज्या छापायला वर्तमानपत्रे धजत नव्हती, त्या इथून बाहेर पडल्या.

आता हे केंद्र सतत जागा का बदलत होते, हे या यंत्राच्या मालकाला चटकन कळते. वर्तुळाकार एरियल हळूहळू फिरवले तर एका दिशेला आवाज जवळजवळ बुडतो. त्यावरून केंद्र कोणत्या रेषेवर आहे ते समजते. दोन निरनिराळ्या ठिकाणांहून अशा दोन रेषा नकाशावर काढा. त्या जिथे छेदतात तिथे केंद्र. शोध घेणाऱ्या गाड्या मुंबईत फिरत होत्या. म्हणून चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव अशी बिऱ्हाडे बदलत यंत्र हलवावे लागे. माझी वीस मीटरची तार लपवायची म्हटली तर कळवणात अवघड. तिथे त्यांनी ती मुंबईच्या भर वस्तीत लपवली.

पण शेवटी घात झाला तो गाड्यांमुळे नव्हे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातल्या पारेखवाडीत पोलिसांनी दार फोडले, तेव्हा उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी आत होते आणि 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू होती. ती बंद करायला त्यांनी नकार दिला. आपल्याच तंत्रज्ञाने ठिकाण दाखवले, असे उषाबेन पुढे सांगत. प्रिंटर त्याआधी पोलिसांच्या हाती लागले होते. पुढे खटला चालला. आरोपींच्या पिंजऱ्यात पाच जण होते, त्यांत प्रिंटर नव्हते. १९४३ साली बाबूभाईंना पाच, उषाबेनना चार आणि चंद्रकांत यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलभाई आणि नानक मोटवानी सुटले. येरवड्याच्या तुरुंगातून उषाबेन १९४६ साली बाहेर आल्या.

प्रिंटर यांच्याबद्दल कठोर बोलणे सोपे आहे. मी वर्गात तसे बोलतही असे. स्वतः तार कापत बसलो तेव्हापासून जरा थांबतो. त्या काळी सुटे भाग गोळा करून, पोलिसांच्या नाकाखाली, असे यंत्र उभे करणे ही साधी विद्या नव्हे. ती विद्या नसती तर केंद्र बोललेच नसते. पण विद्येबरोबर धैर्य फुकट मिळत नाही, हेही तितकेच खरे. उषाबेनचा विषय काही व्हॉल्व्ह आणि कॉइल नव्हता, तरी त्या तुरुंगात मुकाट राहिल्या. आणि ज्याला यंत्र कळत होते त्याच्या तोंडून पत्ता गेला. अडीच महिन्यांच्या त्या केंद्राला दोघेही लागले होते, एवढे मान्य करूनच हा इतिहास सांगितला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू पालटले. १९४८ साली महू येथे हौशी लोकांचा क्लब स्थापन झाला. लष्कराने मोडीत काढलेले जुने संच विकत घेऊन, दुरुस्त करून लोक बोलू लागले. पुढे राजीव गांधी यांच्याजवळही परवाना होता. व्हीयू-२-आरजी ही त्यांची आकाशातली ओळख. ज्या यंत्रापायी १९४२ साली तुरुंग मिळाला, ते चालवणारा माणूस देशाचा पंतप्रधान झाला, ही चाळिसेक वर्षांतली मजल लहान नव्हे. २००३ साली हैदराबादचे अश्हर फरहान यांनी बिटएक्स नावाचा ट्रान्सीव्हर आखला. त्याच्या कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर चालत! परदेशी संच ज्यांच्या आवाक्याबाहेर होता, त्यांनी तो घरी बसून जुळवला, आणि आपल्या देशाबाहेरही पुष्कळांनी जुळवला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मदतकार्यात हे हौशी लोक आपले संच घेऊन उतरले होते. २००१ च्या गुजरात भूकंपातही उतरले. तारा तुटलेल्या, वीज गेलेली; अशा वेळी एक बॅटरी आणि दोन झाडांमधली तार पुरे होते.

तरी एक गोष्ट मला बोचत असे. आमच्या परवान्यानुसार लोकांसाठी कार्यक्रम वा बातम्या ध्वनिक्षेपित करायला मनाई आहे. प्रत्येक बोलण्यात आपली संज्ञा सांगावी लागते. म्हणजे १९४२ साली त्या तरुणांनी जे केले, नेमके तेच आम्हांला वर्ज्य! मग आम्ही वारस कोणाचे? त्यांचे, की त्यांना पकडणाऱ्या कायद्याचे?

बराच विचार केल्यावर मला वाटते ते असे. परक्या सरकारने हिंदी माणसाला आपले नाव सांगून बोलण्याची सोयच ठेवली नव्हती. म्हणून त्यांना 'हिंदुस्थानात कुठेतरी' असे म्हणावे लागले. आज मी बोलतो तेव्हा पहिल्याने आपली संज्ञा सांगतो, मग गावाचे नाव सांगतो. कळवण हे नाव समोरच्याला एकदा कळत नाही. अक्षर-अक्षर फोडून पुन्हा सांगावे लागते. ते सांगताना मला कसली भीती वाटत नाही. त्या लोकांनी जागा लपवली ती आपल्याला जागा सांगता यावी म्हणून.

उषाबेन पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवीत. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ९ ऑगस्ट २००० रोजी, अंगात ताप असताना, त्या गवालिया टँकच्या, आता ऑगस्ट क्रांती म्हणवणाऱ्या, मैदानावर गेल्या आणि दोनच दिवसांनी त्यांचे निधन झाले.

परवा आबा पुन्हा आले. मी फिरकी ७.०८ वर आणली. हैदराबादकडचे कोणी एक गृहस्थ आपल्या एरियलबद्दल बोलत होते. आबांनी बराच वेळ ऐकले आणि विचारले, "त्यांना सांगा ना, कळवणहून बोलतोय म्हणून." मी मायक्रोफोन उचलला आणि सांगितले.