रविवार विश्रांतीचा कसा झाला?

ख्रिस्ती लोक रविवारच का पाळतात, असे शेजारणीने मला विचारले. धर्मग्रंथातच तसे सांगितले असेल, असे मला वाटे. वाचू लागले तेव्हा निराळेच कळले.

दहा आज्ञांत सांगितलेला विश्रांतीचा वार म्हणजे ज्यू लोकांचा शब्बाथ, अर्थात शनिवार. येशू ख्रिस्त स्वतः ज्यू होते. क्रुसावर देह ठेवल्यावर ते रविवारी पहाटे पुन्हा उठले, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. शुभवर्तमानांप्रमाणे रिकामी कबर प्रथम पाहिली ती स्त्रियांनी! त्या आनंदाप्रीत्यर्थ अनुयायी रविवारी जमू लागले. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या ख्रिस्ती पंडिताने या सभांचे वर्णन लिहिले आहे. तेथे जमलेल्या द्रव्यातून अनाथ, विधवा व आजारी यांना साहाय्य होई. सुट्टी मात्र नव्हती.

ती आली ३२१ साली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने न्यायाधीश, नगरवासी व कारागीर यांना रविवारी विश्रांती फर्मावली. शेतकऱ्यांना कामाची मुभा ठेवली. पुढे शब्बाथची आज्ञाही रविवारला लावली गेली. आपल्या मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने.

शब्बाथच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, परका, सर्वांना विश्रांती आहे. पत्नीचा उल्लेख तेवढा निराळा नाही! ‘तू’मध्ये तीही आली, असे कोणी म्हणेल. पण आपल्या घरचा रविवार आठवा. त्या दिवशी स्वयंपाक दुप्पट असतो. तेव्हा रविवारी एक वेळचा स्वयंपाक घरच्या मंडळींनी करावा, एवढीच माझी विनंती.