अर्ध्या मैदानावरील बास्केटबॉल : हौशी स्पर्धेची नियमावली आणि पूर्वतयारी

अमेरिकेत उन्हाळा लागला की मंडळांच्या सहली आणि क्रीडादिनांचे वेळापत्रक ठरू लागते. अशा दिवशी अर्ध्या मैदानावरील बास्केटबॉल स्पर्धा भरवणे तुलनेने सोपे असते. सार्वजनिक उद्यानांत मैदाने तयार असतात, रिंग एकच लागते आणि संघाला चार खेळाडू पुरतात. अडचण येते ती नियमांची. पुण्याच्या महाविद्यालयात खेळलेला गृहस्थ एक नियम सांगतो, इथल्या शाळेच्या संघात खेळणारा त्याचा मुलगा दुसरा, आणि उद्यानात रोज खेळणारी मंडळी तिसरा. गल्ली क्रिकेटमध्ये 'एक टप्पा बाद' आहे की नाही हे पहिल्या चेंडूआधी ठरवावे लागते, तसेच इथेही आहे. नियम आधी ठरले नाहीत, तर खेळाचा वाद मैत्रीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. आयोजकांना हाताशी ठेवता यावी, यासाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

खेळाची पार्श्वभूमी

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलची सुरुवात केली, तेव्हा त्याचे नियम अवघे तेरा होते. पूर्ण मैदान आणि दहा खेळाडू जमणे शहरी वस्त्यांत नेहमीच शक्य नव्हते. त्यामुळे एकाच रिंगवर दोन्ही संघांनी खेळण्याची रीत रस्त्यांवर आणि उद्यानांत रुजली. 'फिबा' या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला '३×३' असे प्रमाण रूप दिले. २०१० च्या सिंगापूर युवा ऑलिंपिकमध्ये हा प्रकार खेळवला गेला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याला पदकाचा दर्जा मिळाला. तेथे पुरुषांत लॅटव्हियाने आणि महिलांत अमेरिकेने सुवर्णपदक जिंकले. २०२४ मध्ये पॅरिसला ते मान अनुक्रमे नेदरलँड्स आणि जर्मनी यांना मिळाले. मराठी वाचकाला बास्केटबॉल परका नाही. मुंबईच्या नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार दिला आणि पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे.

मैदान, चेंडू आणि संघ

प्रमाण मैदान १५ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब असते. दोन गुणांची कमान रिंगपासून ६.७५ मीटरवर असते. अमेरिकेतील उद्यानांत मात्र एकाच मैदानावर अनेकदा दोन-दोन कमानी रंगवलेल्या आढळतात, कारण शालेय खेळाची रेषा १९ फूट ९ इंचांवर असते, तर व्यावसायिक खेळाची त्याहून बरीच दूर. कोणती कमान ग्राह्य, हे आदल्या दिवशी मैदान पाहून ठरवावे आणि तिच्यावर रंगीत पट्टी चिकटवावी. निम्मे वाद तेथेच संपतात.

प्रमाण चेंडू आकाराने सहा क्रमांकाचा आणि वजनाने सात क्रमांकाचा असतो. तो न मिळाल्यास पुरुषांसाठी सात आणि महिलांसाठी सहा क्रमांकाचा नेहमीचा चेंडू चालेल. संघात तीन खेळाडू आणि एक राखीव असतो. चेंडू थांबलेला असताना खेळाडू बदलता येतो; त्यासाठी पंचांची परवानगी लागत नाही.

सामन्याचे नियम

१. प्रारंभ : नाणेफेक जिंकणारा संघ चेंडू आत्ता घ्यायचा की बरोबरी झाल्यास जादा वेळेत घ्यायचा, हे ठरवतो.

२. कालावधी : दहा मिनिटांचा एकच डाव. त्याआधी २१ गुण गाठणारा संघ तेथेच विजयी होतो. बरोबरी झाल्यास जादा वेळेत आधी दोन गुण मिळवणारा जिंकतो.

३. गुण : कमानीच्या आतून एक, बाहेरून दोन आणि फ्री थ्रोचा एक.

४. बास्केट झाल्यानंतर : खेळ थांबत नाही. ज्याच्यावर गुण झाला तो संघ रिंगच्या थेट खालून चेंडू उचलतो आणि ड्रिबल किंवा पास करून कमानीबाहेर नेतो. त्या क्षणी रिंगखालच्या अर्धवर्तुळात बचाव करणाऱ्याने चेंडूसाठी झटायचे नसते.

५. चेंडू बाहेर नेणे : बचाव करणाऱ्या संघाने रिबाउंड मिळवला, चेंडू हिसकावला किंवा फेक अडवून ताब्यात घेतली, तरी चेंडू आधी कमानीबाहेर न्यावा लागतो. खेळाडूचे दोन्ही पाय कमानीबाहेर असतील, तरच तो बाहेर गेला असे मानतात. रेषेवरचा पाय आत धरला जातो. नवख्यांकडून सर्वाधिक चुका याच नियमात होतात.

६. चेक बॉल : चेंडू थांबल्यानंतर खेळ कमानीच्या माथ्यावरून सुरू होतो. बचाव करणारा खेळाडू चेंडू समोरच्याच्या हाती देतो. याचा खरा उपयोग दोन्ही बाजू तयार आहेत याची खात्री करण्यासाठी आहे.

७. वेळेची मर्यादा : फेक १२ सेकंदांत करावी लागते. घड्याळ नसल्यास आणि एखादा संघ वेळ काढत असल्यास पंच शेवटचे पाच सेकंद मोठ्याने मोजतो.

८. फाउल : फेक करताना फाउल झाल्यास कमानीच्या आत एक आणि बाहेर दोन फ्री थ्रो. संघाच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या फाउलला दोन फ्री थ्रो; दहाव्यापासून दोन फ्री थ्रो आणि चेंडूचा ताबाही. वैयक्तिक फाउलच्या संख्येमुळे कोणी बाद होत नाही.

९. दोघांनी एकाच वेळी चेंडू धरल्यास : ताबा बचाव करणाऱ्या संघाला.

१०. विश्रांती : प्रत्येक संघाला ३० सेकंदांचा एक टाइम-आउट.

रस्त्यावरच्या रीती

उद्यानांतील अनौपचारिक खेळात 'मेक इट, टेक इट' ही रीत आढळते. तीत गुण करणाऱ्याकडेच चेंडू राहतो. प्रमाण नियमांत ती नाही आणि स्पर्धेतही ती टाळावी, कारण दुबळ्या संघाला चेंडूच मिळत नाही.

पंच नसल्यास फाउल खेळाडूंनीच पुकारायचे असतात. तेथे दोन अटी घालाव्यात. फाउल तत्क्षणी पुकारावा, चेंडू रिंगमध्ये गेला की नाही हे पाहून नव्हे. आणि ज्याला धक्का लागला त्यानेच तो पुकारावा. तरीही एकमत न झाल्यास एका खेळाडूने कमानीबाहेरून एक फेक करावी. गेली तर चेंडू त्याचा, नाही तर समोरच्याचा. उपांत्य आणि अंतिम सामन्याला मात्र कोणत्याही संघाशी नाते नसलेला पंच नेमावा.

गट आणि वेळापत्रक

आठ संघांचे चार-चारचे दोन गट केल्यास साखळीचे १२, उपांत्य दोन, तिसऱ्या क्रमांकाचा एक आणि अंतिम, असे १६ सामने होतात. प्रत्येकी २० मिनिटे धरल्यास एका मैदानावर ५ तास २० मिनिटे लागतात आणि दोन मैदानांवर २ तास ४० मिनिटे. विश्रांतीचा वेळ वेगळा. गटात विजय समान झाल्यास आधी परस्परांतील सामना आणि नंतर सरासरी केलेले गुण पाहतात. गुणांतील फरक पाहत नाहीत.

अठरा वर्षांखालील मुलांचा गट वेगळा ठेवावा. मिश्र गटात प्रत्येक संघाची किमान एक महिला सतत मैदानात असावी, अशी अट आधीच छापावी.

सुरक्षितता

येथे हयगय परवडणारी नाही. आठवडाभर संगणकापुढे बसणारा चाळिशीचा माणूस शनिवारी एकदम धावू लागतो, तेव्हा टाचेमागची अकिलीस कंडरा तुटणे ही या खेळातील परिचित दुखापत आहे. दहा मिनिटे शरीर गरम केल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नये. छातीत दाब, चक्कर किंवा असामान्य धाप जाणवल्यास खेळ तत्काळ थांबवून ९११ ला फोन करावा. जवळचे एईडी यंत्र कोठे आहे आणि हृदयपुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती कोण, हे सकाळीच सर्वांना सांगावे. डोक्याला मार लागून गोंधळ, मळमळ किंवा डोकेदुखी झाल्यास तो खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही, मग सामना अंतिम का असेना.

अंगठी, कडे, घड्याळ, लोंबती कानातली आणि मंगळसूत्र काढून ठेवावे. दर सामन्यानंतर पाणी सक्तीचे असावे. पावसाने काँक्रीट ओले झाले की खेळ थांबवावा.

आयोजकांसाठी

सार्वजनिक मैदानासाठी शहराच्या उद्यान विभागाची परवानगी आणि अनेक ठिकाणी दायित्व विम्याचे प्रमाणपत्र लागते. काही आठवडे आधी चौकशी करावी. प्रत्येक खेळाडूकडून, आणि अल्पवयीन असल्यास पालकांकडून, संमतीपत्र घ्यावे. नियम एका पानावर मराठीत आणि इंग्रजीत छापून संघनायकांना आठवडाभर आधी पाठवावेत व मैदानाशेजारी लावावेत. वादाचा अंतिम निर्णय देणाऱ्या एकाच व्यक्तीचे नाव त्याच पानावर असावे, आणि त्या व्यक्तीने स्वतः कोणत्याही संघातून खेळू नये.